पट काढू की ढाक मारू: तीन महिन्यांच्या प्रकल्प नोंदी

२ जून, सोमवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय. ऑगस्टच्या शेवटी पुण्यातच एक छोटी नो-गी ग्रॅपलिंगची (म्हणजे जाकीट न घालता खेळायच्या ब्राझिलियन जिउ-जित्सूची, बीजेजेची) स्पर्धा आहे, मास्टर्समध्ये नाव दिलंय. तिशी ओलांडली की या खेळात मास्टर म्हणतात, मी पस्तिशीचा, घरी अजून कोणी म्हणत नाही ते वेगळं. वजन ७८, तेच ठेवणार, कापाकापी नाही.

प्रॉब्लेम असा की माझं उभ्यानं काहीच नाहीये. खाली गेलो की बरा आहे, पण खाली जायचं कसं? क्लासमध्ये आमचं सगळ्यांचं एकच, दोन म्हशींनी शिंगं अडकवल्यासारखं मिनिटभर ढकलाढकली करायची आणि मग कोणीतरी कंटाळून बसतो आणि गार्ड ओढतो, म्हणजे पाठीवर पडून समोरच्याला पायांत अडकवतो. लाज वाटते खरं तर, कारण मी कराडकडचा, लहानपणी तीन उन्हाळे गावच्या तालमीत काढलेत, एकेरी पट, दुहेरी पट शिकवलेला आहे मला. विसरलो ते विसरलोच.

तर प्रकल्पाचा प्रश्न एवढाच: माझ्यासारख्यानं पायाला जायचं का वरच्या अंगानं खेळायचं? म्हणजे पट (पाय धरून पाडणं) की ढाक (मान धरून कंबर वळवून फेकणं), सिंगल लेग (एक पाय धरणं) की बॉडी लॉक (कमरेला मिठी). डाव्या गुडघ्याचं २०१९ ला ऑपरेशन झालंय, मेनिस्कस, तेही हिशोबात धरायचं. पद्धत साधी, प्रत्येक राउंड उभ्यानंच सुरू करायचा, बसायचं नाही, आणि घरी आल्यावर वहीत तीन गोष्टी लिहायच्या. काय मारलं, लागलं का, आणि पडल्यावर कोण कुठं होतं. तिसरा रकाना बायकोनं सुचवला, ती अकाउंट्समध्ये आहे, म्हणाली व्यवहार झाला हे लिहून काय उपयोग, पैसे कुठल्या खात्यात गेले ते लिही.

५ जून, गुरुवार

दोन क्लास झाले. ११ वेळा पायाला गेलो, २ वेळा मिळाला. त्यातला एक पोरगा नवीन होता, तो मोजायला नको.

बाकी ९ चं काय झालं ते महत्त्वाचं. सहा वेळा समोरच्यानं फक्त पाय मागं टाकून छाती माझ्या पाठीवर आणली, स्प्रॉल, संपलं. मी लांबून जातोय. हात न लावता दीड मीटरवरून झेप घेतो, त्याला बघायला वेळच वेळ. आणि तीन वेळा लांब्यानं (सहा फूट दोन इंच, हात गुडघ्यापर्यंत) गिलोटिन लावला, म्हणजे समोरून मान काखेत धरून गळा आवळला. तिन्ही वेळा माझं डोकं त्याच्या कमरेच्या बाहेरच्या बाजूला, खाली बघणारं, म्हणजे मान स्वतःहून त्याच्या काखेत नेऊन ठेवली मी. डोकं आत पाहिजे, कान त्याच्या बरगडीला घासला पाहिजे आणि नजर वर. हे मला तोंडपाठ आहे. अंगाला पाठ नाही.

कुस्तीत पट फसला तर गुण जातात, इथं गळा जातो. म्हणजे किंमत वेगळी आहे हे पहिल्याच आठवड्यात कळलं.

९ जून, सोमवार

आज क्लास नव्हता म्हणून नुसतं बसून विचार केला, तो सगळा इथं ओततो, लांबलं तर लांबलं.

पाय धरावा का नाही हे शेवटी नियम ठरवतात. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हातच लावायचा नाही, पायानं अडकवायचंही नाही, त्यामुळं तिथं सगळं छातीला छाती, काखेत हात, उचल आणि फेक. फ्रीस्टाइलमध्ये पाय मोकळे, म्हणून सगळे वाकून उभे राहतात, कोपर बरगडीला, डोकं पुढं. खाली पाडून मागं गेलात तर २ गुण, सरळ पाठीवर फेकलं तर ४, मोठ्या उंचीवरनं फेकलं तर ५. आता ५ साठी धोका पत्करायचा का २-२ करत १० ची आघाडी घेऊन कुस्ती संपवायची, तर बहुतेक जण दुसरंच करणार ना. पट हा बचत खात्यासारखा आहे, थोडं थोडं पण नक्की.

ज्युदोत उलटं झालं. आधी पायाला हात घालायचे, २०१० ला थेट पाय पकडण्यावर बंदी आली आणि २०१३ पासून तर उभ्यानं पायाला हात लावणंच बंद. परिणाम असा की आता ज्युदोवाले ताठ उभे राहतात. आमच्याकडं एक ज्युदोवाला येतो, कमरेच्या वर तो राक्षस आहे, पण पाय असे मोकळे सोडलेले असतात की वाटतं धरा म्हणतोय.

आणि आपली मातीची मैदानी कुस्ती. तिथं जुन्या रीतीनं गुण नाहीतच, चितपट म्हणजे चितपट, दोन्ही खांदे लागले पाहिजेत. पट काढला तरी पैलवान पाठ वाचवायला वळतो आणि पालथा पडतो, कुस्ती संपत नाही. मग त्याच्या पाठीवर बसून घिस्सा मारायचा, फिरवायचा, वीस वीस मिनिटं तो माती धरून पडलेला. ढाक लागली तर? सरळ आस्मान. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची ढाक आमच्या भागात अजून लोक हातानं करून दाखवतात, १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं त्या माणसानं. गोळेश्वर कराडला लागूनच, त्यामुळं आमच्याकडं ढाक हा डाव कमी आणि अभिमान जास्त आहे.

आता आमचा खेळ. इथं पाडलं की २ गुण, तीन सेकंद धरून ठेवलं पाहिजे. पण पैलवान आणि बीजेजेवाला यांची भीती बरोबर उलटी आहे! पैलवान पाठीवर पडायला घाबरतो, पालथा पडायला नाही. बीजेजेवाला पाठीवर पडायला अजिबात घाबरत नाही, पडता पडताच पाय गुंडाळतो आणि गार्ड करून हसतो, पण पालथा पडला तर पाठ गेली, पाठ गेली की ४ गुण आणि मागून गळा. म्हणजे तोच दुहेरी पट पैलवानावर मारला तर मला त्याची पाठ मिळते आणि बीजेजेवाल्यावर मारला तर मी त्याच्या दोन पायांच्या मध्ये जाऊन बसतो, म्हणजे पाहुणा म्हणून गेलो आणि कैदी झालो. ढाक लागली तर मी थेट त्याच्या बाजूला पडतो, मान माझ्या बगलेत, पाय केव्हाच ओलांडलेले. एडीसीसी या नो-गीच्या मोठ्या स्पर्धेच्या नियमात तर हे सरळ लिहिलंय, पाडून गार्डमध्ये पडलात तर २, गार्डच्या पलीकडं पडलात तर ४.

बायकोचा तिसरा रकाना बरोबर होता. तिला सांगितलं नाहीये अजून.

१५ जून, रविवार

गावी आलोय दोन दिवस. तालमीत गेलो. हौदा तोच, माती लालभडक, ताक लिंबू हळद तेल घालून मळलेली, वास आला आणि एकदम बारा वर्षांचा झालो. वस्ताद आता सत्तरीचे. ओळखलं पण लगेच.

"कवा आलास? आन् ह्ये प्वाट कुठनं आणलंस?"

मी त्यांना स्पर्धेचं सांगितलं, त्यांनी एक पोरगं बोलावलं, सतरा-अठरा वर्षांचं, वजन माझ्याहून दहा किलो कमी, आणि म्हणाले दाव बघू पट. मी गेलो. पोरानं नुसतं एक पाऊल मागं घेतलं आणि मी गुडघ्यावर, दोन्ही हात पुढं.

वस्ताद म्हणाले, "आरं, तू पटाला घुसतुयास का पाया पडतुयास?"

सगळी तालीम हसली. मग त्यांनी स्वतः माझी मान धरली, एका हातानं, गर्दनखेच करतात तशी, आणि थोडी खाली ओढली. मी आपोआप वर झालो, कोणीही होईल, आणि त्या क्षणाला त्यांनी दुसरा हात माझ्या गुडघ्यामागं टेकवला. पकडलं नाही, नुसता टेकवला. "आधी डोस्कं हलवायचं. डोस्कं हाललं की पाय सापडतुय. तू पाय बघून पाय धराय जातुयास, त्योबी बघतुय की तू काय बघतुयास त्ये."

मी विचारलं, "वस्ताद, गुडघा गेलाय, ढाकच मारू का मग?"

"ढाक काय मागून मिळत न्हाई लेका. समोरच्यानं ढकाललं तर मिळती. न्हाई ढकाललं तर मग ढाक न्हाई, आपुनच त्येच्या पाठीखाली जाऊन झोपल्यागत हुतंय."

दोन तास खडाखडीच करायला लावली. डाव मारायचाच नाही, फक्त मान, मनगट, कोपर, बगल. खांदे गेले कामातून. घरी आईनं विचारलं काय शिकवलं, म्हटलं ढकलाढकली. म्हणजे पुण्यात जे करतो तेच, फक्त इथं त्याला अर्थ होता.

२० जून, शुक्रवार

पालख्या पुण्यात, रस्ते बंद, क्लास रद्द. व्हिडिओ बघत बसलो.

जॉर्डन बरोजचा डबल लेग (आपला दुहेरी पट) बघितला, २०१२ लंडनचं सोनं, ७४ किलो. तो बघून शिकावा असा नाहीच, तो बघून हताश व्हावा असा आहे. बंदूक सुटावी तसा जातो. जॉन स्मिथचा लो सिंगल मात्र डोक्यात बसला, १९८८ आणि १९९२ दोन्ही ऑलिम्पिकची सोनी. तो माणूस मांडीला जातच नाही, थेट टाचेला, घोट्याला. समोरचा स्प्रॉल मारेपर्यंत हा पायाच्या बाहेरच्या बाजूला पोचलेला असतो त्यामुळं गळ्यालाही कमी सापडतो. वाटलं हे जमेल, उचलायचं नाही, पुढं फार घुसायचं नाही. पण जमिनीला लागून जायचं तर गुडघा टेकणारच, आणि माझा डावा टेकला की मी ओरडतो.

मग आपला बजरंग पुनिया. त्याच्याबद्दल कायम बोललं जायचं की पायांचा बचाव कच्चा आहे, २०१८ च्या वर्ल्डच्या फायनलला जपानच्या ओतोगुरोनं १६-९ नं हरवला. एवढा दमदार माणूस, सहा मिनिटं समोरच्याला रगडणारा, तरी लोक पायालाच जायचे. आणि तरीही टोकियोला ब्राँझ आणलंच, ८-० नं. तर पायाचा बचाव कच्चा असून तुम्ही जगात वरच्या चारात असू शकता हे एक आणि जगातला वरच्या चारातला असूनही लोक तुमच्या पायालाच येतात हे दुसरं. मला यातून माझ्यासाठी काय घ्यायचं ते कळलं नाही, पण बरं वाटलं.

२६ जून, गुरुवार

लो सिंगल ट्राय केला. चार वेळा. गुडघा सुजलाय. बर्फ.

फिजिओ म्हणाली टेकू नका, म्हटलं मॅडम त्याचंच तर प्रोजेक्ट आहे.

३ जुलै, गुरुवार

हा आठवडा फक्त वरचं अंग. पायाला हात लावायचा नाही असा स्वतःला नियम.

ढाक ८ वेळा मारली, १ लागली, आणि ५ वेळा पाठ दिली. पाच! तिसऱ्या रकान्यात ओळीनं "पाठ, पाठ, पाठ" लिहिलंय, मराठीच्या पेपरात कविता लिहितो तसं. कारण कळलं पण. मी मान धरून वळतो, पण माझी कंबर त्याच्या कमरेच्या पुढून पलीकडं जात नाही, अर्ध्यातच थांबते, आणि मधे फट राहते. तो काही करत नाही, फक्त थोडा मागं बसतो आणि माझ्या कमरेला मिठी मारतो. झालं, मी त्याच्याकडं पाठ करून उभा. आणि दुसरा हात मी मोकळा सोडतो, मान धरली की काम झालं असं वाटतं, तर नाही, समोरच्याचा तो दंड छातीशी ओढून ठेवला नाही तर तो त्याच हातानं टेकू लावतो.

वस्तादांचं पाठीखाली झोपणं ते हेच.

ज्युदोवाल्याला विचारलं तो म्हणाला गी असता तर कॉलर आणि बाही धरून मी तुला वळायच्या आधीच तोल घालवला असता, नो-गीत घाम आला की दुसऱ्या मिनिटाला मान साबणासारखी होते. पटतंय. मातीत म्हणूनच अंगावर माती टाकतात एकमेकांच्या, पकड बसावी म्हणून. मॅटवर काय टाकणार. म्हणजे ढाक मारायची तर पहिल्या मिनिटात, कोरडे असताना. हा मुद्दा वहीत लाल पेननं.

६ जुलै, रविवार

आषाढी. खिचडी आणि वरी-आमटीवर ओपन मॅटला (मोकळ्या सरावाला) गेलो. दुसऱ्या राउंडला डोळ्यापुढं अंधारी. नोंद नाही.

१२ जुलै, शनिवार

आज काहीतरी झालं, ते नीट लिहितो.

महिनाभर मी पट का ढाक असं घरातनं ठरवून जात होतो. आज पट, उद्या ढाक. आज दमलो होतो आणि काहीच ठरवलं नव्हतं, तर गावी केली तशी नुसती खडाखडी करत राहिलो. उजवा हात मानेवर, डाव्या हातानं त्याचं मनगट, कपाळ त्याच्या कपाळाच्या बाजूला, आणि मान खाली खेचायची. सोडायची. परत खेचायची.

यावर समोरचा तीनच गोष्टी करतो. एक, चिडून ताठ होतो, मान वर काढतो, तेव्हा त्याचं वजन टाचेवर जातं आणि पाय जिथं आहे तिथंच खिळतो. तो पाय एक पावलावर असतो, झेप घ्यायची गरजच नाही, गुडघाही टेकावा लागत नाही, उभ्या उभ्याच वाकून उचलता येतो. दोन, तो उलट माझ्यावर ढकलत येतो, छाती पुढं, आणि तेव्हा कंबर वळवली की तो स्वतःच्या वजनानं वरून येतो, ढाक मारायला ताकदच लागत नाही. तीन, आळशी माणूस खाली खेचला की खालीच राहतो, मग त्याला तसाच आणखी खाली ओढून बाजूनं मागं जायचं, ना पट ना ढाक, फुकटची पाठ.

आज १० प्रयत्नांत ५. त्यात लांब्यापण होता. त्याला खेचला, तो ताठ झाला (लांब माणसं ताठच होतात, वाकलं की त्यांची पाठ दुखते), आणि सिंगल लेग उचलला, डोकं आत, कान बरगडीला. तो एका पायावर उड्या मारत भिंतीपर्यंत गेला, मग बसला. गिलोटिनला हातच पोचला नाही. "आज काय खाऊन आलास?" असं विचारत होता. काल रात्रीची भाकरी, भावा.

म्हणजे निवड मी करायचीच नव्हती. समोरच्याला करू द्यायची होती, मी फक्त विचारायचं, मान खेचून. एवढं साधं वस्ताद दोन तास हातानं सांगत होते आणि मला महिना लागला.

१६ जुलै, बुधवार

शनिवारचा उत्साह उतरला. एक नवीन जड गडी आलाय, ९५ किलो, जिमवाला. त्याची मान खेचली तर काहीच झालं नाही. खांब. ताठही झाला नाही, ढकललंही नाही, माझ्याकडं बघत राहिला. तीन उत्तरं असतात म्हणून लिहिलंय वर, चौथं उत्तर हे.

२३ जुलै, बुधवार

खांबासाठी बॉडी लॉक. चार क्लास यावरच घातले. जड माणसाचा पाय उचलणं म्हणजे आपल्या कमरेचं काम तमाम, आणि त्याला ढाक मारायची तर तो आधी ढकलला पाहिजे. पण मिठी मारता येते. दोन्ही काखेतनं हात घातले तर उत्तम, नाहीतर एक काखेतनं आणि एक दंडावरून, हात मागं कमरेच्या खालच्या मणक्याशी बांधायचे, कान छातीला, आणि माझी कंबर त्याच्या कमरेच्या खाली. मग त्याच्या पायामागं बाहेरून आपला पाय लावून त्या कोपऱ्यात चालत जायचं. उचलायचं नाही, चालायचं. तो पाठीवर पडतो आणि माझा एक पाय आधीच त्याच्या पायांच्या बाहेर असतो, म्हणजे गार्ड पूर्ण मिळतच नाही त्याला, फार तर हाफ गार्ड, माझा एकच पाय अडकवून.

उलटी उचल, सुप्ले (मिठीत उचलून मागं फेकणं) वगैरे करायचा मोह होतो मिठी बसली की, पण आमच्या नियमात समोरच्याचं डोकं किंवा मान आदळेल असा सुप्ले केला तर बाहेर काढतात. आणि काढलंच पाहिजे, सकाळी सगळ्यांना ऑफिस असतं. कात्रीसारखी उडी मारून दोन्ही पायांनी पाडतात ती पण बंद आहे, ज्युदोतही बंद, माझ्यासारख्या गुडघ्याच्या माणसानं तर त्या डावाचं नाव ऐकूनच लांब व्हावं.

गुडघ्याला हे सगळ्यात मानवतंय. टेकायचं नाही, मुरगळायचं नाही.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. सुट्टी टाकून गावी. तालमीत नारळ फोडला, पोरांच्या कुस्त्या झाल्या. वस्तादांना १२ जुलैची गोष्ट सांगितली, मला वाटलं खूष होतील. म्हणाले, "मग? ह्यात नवं काय?"

पण मग स्वतःहून कलाजंग दाखवला. मी कलाजंग पटात धरत होतो, त्यांच्या मते तो दोन्हीतला आहे. एक हात दंडाला, ओढून खांद्यावर घ्यायचा, आणि दुसरा मांडीच्या आतनं. वरची पकड खरी असेल तरच खालची मिळते, आणि माणूस खांद्यावरनं फिरून सरळ पाठीवर जातो, पालथा नाही. मी विचारलं गुडघा न टेकता येतो का, ते म्हणाले येतो पण तुला न्हाई. बरं.

त्या सतरा वर्षांच्या पोरानं परत पाडलं, पण या वेळी तीन मिनिटं लागली त्याला. आणि एकदा मी त्याला खाली खेचून मागं गेलो. तो पालथा पडून माती धरून राहिला, अगदी शांत, पैलवान पडतो तसा, आणि मी सवयीनं पाय आत घालून गळ्याला हात घातला. "ए! गळा न्हाई धरायचा!" चारी बाजूंनी आवाज. सॉरी म्हटलं. पण मनात नोंदलं, हा पोरगा माझ्या स्पर्धेत असता तर इथं संपला असता, आणि मी त्याच्या मैदानात असतो तर अजून अर्धा तास त्याला फिरवत बसलो असतो, आणि फिरला नसता.

९ ऑगस्ट, शनिवार

मागच्या चार आठवड्यांची वही मोजली. एकूण ६२ प्रयत्न, त्यातले २७ लागले. फोड अशी: पायाला २१, लागले ९. ढाक आणि टांग (पाय घालून फेकायचा डाव) मिळून ११, लागले ३. बॉडी लॉक १६, लागले ८. खाली खेचून मागं जाणं १४, लागले ७.

पण तिसरा रकाना बघितला की चित्र पालटतं. पायाच्या ९ पैकी ६ वेळा मी गार्डमध्ये पडलो, आणि त्यातल्या ४ वेळा पुढं काहीच केलं नाही, राउंड तिथंच संपला. बॉडी लॉकच्या ८ पैकी ६ वेळा हाफ गार्ड किंवा त्याहून पुढं. खाली खेचण्याच्या सातही वेळा पाठ. ढाक ३ च, पण तिन्ही वेळा बाजूला, आणि दोनदा तिथंच गळ्याची पकड लागून राउंड संपला. आणि ढाक फसली त्या ८ पैकी ५ वेळा पाठ दिलीच, ती खोड गेली नाहीये.

हे मला लागू, सगळ्यांना नाही. आमच्या क्लासमधला एक बावीस वर्षांचा पोरगा आहे तो वीस वेळा पटाला जातो, पंधरा मिळवतो, गार्डमध्ये पडला तरी त्याला फरक पडत नाही कारण त्याचं गार्ड पासिंग (समोरच्याचे पाय ओलांडून जाणं) भारी आहे. त्याला मी सांगू का बॉडी लॉक कर म्हणून? तो करेलच, पस्तिशीत.

एक मात्र, पट पूर्ण सोडला तर बाकीचं मरतं. मधे तीन दिवस पायाला गेलोच नाही, तर सगळे ताठ उभे राहून निवांत हातपाय खेळायला लागले, काखा बंद, मिठी बसेना. पायाची भीती असेल तरच माणूस हात खाली नेतो. त्यामुळं महिन्याचा हप्ता भरल्यासारखं, मिळो न मिळो, प्रत्येक राउंडला दोनदा तरी पायाला हात लावून यायचं.

२४ ऑगस्ट, रविवार

स्पर्धा झाली. गटात तिघंच आले, त्यामुळं प्रत्येकाशी प्रत्येकाची.

पहिली कुस्ती. हात मिळवला, मी मान धरायला हात पुढं केला, आणि समोरचा बसला. सरळ बसला, पाय गुंडाळून, सातव्या सेकंदाला. तीन महिने! ६२ प्रयत्न, गावाच्या दोन फेऱ्या, गुडघा, फिजिओ, आणि गडी खाली बसला. त्यानं उलटवलं, २ गुण, मी उरलेला वेळ खालून सुटायला घालवला. ०-२. गेली.

दुसरा गडी उभा राहिला, देव त्याचं भलं करो. गळ्यात ताईत, कान फुटलेले, कुस्तीवाला दिसत होता. कोरडे होतो म्हणून पहिल्या मिनिटात ढाकेसाठी मान धरली, त्यानं ढकललंच नाही. सोडली. पायाला गेलो, उभ्यानंच, त्यानं सहज काढून घेतला, पण हात खाली आले त्याचे. परत मान खेचली आणि या वेळी तो वाकला आणि वाकलेलाच राहिला, पटाची भीती बसली होती, आणि मी बाजूनं मागं गेलो. तो पालथा पडून मॅट धरून बसला. अगदी तालमीतल्या पोरासारखा! कुणीतरी त्याला बाहेरून ओरडत होतं "पाठ देऊ नको", पण अंगाला ते कळत नाही, अंगाला पाठ टेकू द्यायची नाही एवढंच शिकवलेलं असतं. २ आणि ४, सहा झाले. गळा मिळाला नाही, मान बैलाची. ६-० नं संपली.

तिघांत दुसरा. आईला फोनवर फक्त दुसरा आलो एवढं सांगितलं, तिनं पेढे वाटले.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपतीमुळं क्लास बंद. गुडघा ठीक आहे, जिना उतरताना थोडं.

पुढच्या तीन महिन्यांसाठी वही तीच, रकाने चार. चौथा रकाना, समोरचा बसला तर काय. वस्तादांना फोन केला होता, त्यांना हे सांगितलं की पहिला गडी कुस्ती सुरू झाल्याबरोबर खाली बसला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बसला? म्हंजी दमला व्हता का त्यो?"

म्हटलं नाही वस्ताद, तसंच खेळतात. ते म्हणाले पुढच्या वेळी येताना त्याला घेऊन ये.